नोंद घेण्यात आली

माझी मावशी झोपेतही लिहायची. रविवारी दुपारी जेवून जरा आडवी झाली की उजव्या हाताचं बोट चादरीवर चालायला लागायचं. सरसर जायचं, मधेच अडखळायचं, पुन्हा पळायचं. मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला गेले तेव्हा पहिल्यांदा ते पाहून मला हसू आवरेना. काका म्हणाले, "तीस वर्षं दुसऱ्यांची बडबड उतरवतेय. आता हाताला सांगून कळत नाही."

मावशी नगरपालिकेत लघुलेखक होती. सभागृहात अर्धगोल टेबलाशी मेंबर बसायचे, मधोमध अध्यक्ष, आणि अध्यक्षांच्या डाव्या हाताला मावशीचं छोटं टेबल. त्यावर लांबट वही आणि टोक काढलेल्या चार पेन्सिली. ध्वनिमुद्रणाचं यंत्र होतं, पण ते कधीचं बंद पडलेलं, आणि दुरुस्त करायची कुणाला घाईही नव्हती. बाई आहेत ना! सहा मेंबर एकदम ओरडायला लागले तरी तिच्या वहीत सहाजण वेगवेगळे उतरायचे. कोण कुणाला काय बोललं यावरून जुंपली की सगळे तिच्याकडे बघायचे. ती दोन पानं मागे जाऊन शांतपणे वाचून दाखवायची आणि बोलणारा गप्प बसायचा.

पण ती वही कच्ची. पक्कं काय, तर इतिवृत्त. सभा संपली की मावशी वहीतून इतिवृत्त तयार करायची, पुढच्या सभेत ते कायम व्हायचं, आणि मग तेवढंच खरं. तासाभराच्या आरडाओरड्याची दोन ओळींत घडी घालणं हा तिचा हातखंडा. एक म्हातारे मेंबर नेहमी म्हणायचे, "बाई, तुमच्या इतिवृत्तात आम्ही फार शहाणे दिसतो." ते वाक्य ती घरी आल्यावर आम्हाला हमखास सांगायची.

त्या वर्षी वरून आदेश आला की स्थानिक कारभारात तरुणांना सहभागी करून घ्या. झालं, युवा समिती स्थापन झाली. शाळा-कॉलेजांतून सात मुलं निवडली, त्यांना बिल्ले दिले, अध्यक्षांबरोबर फोटो काढले. सात खुर्च्या मांडल्या त्या मात्र मेंबरांच्या पाठीमागे, भिंतीला लावून. माईक नाही, टेबल नाही. मावशी घरी येऊन म्हणाली, "सात पोरं आणलीत आणि कुंड्या ठेवाव्यात तशी भिंतीला लावलीत." ती हसली, मीही हसले. ती मुलं माझ्याहून थोड्याच वर्षांनी लहान होती. मी तरी हसायला नको होतं.

पहिल्या दोन सभा मुलं नुसती बसून गेली. तिसऱ्या सभेत, अगदी शेवटी, ऐनवेळचे विषय निघाले तेव्हा त्यातली एक मुलगी उभी राहिली. शिंप्याची मुलगी, बारावीतली. समितीतली बाकीची मुलं तिला ताई म्हणायची. तिच्या हातात कागद होता. तिच्याबरोबर नववीतली एक मुलगी उठली. ही समितीतली सगळ्यात लहान, तिला सगळे बारकीच म्हणत. बारकीने एक मोठा तक्ता उलगडून समोर धरला, तो उलटा. सभागृहात खसखस पिकली. तिने जीभ चावली आणि तक्ता सरळ केला.

विषय शाळेजवळच्या वळणाचा होता. खाणीचे डंपर त्या वळणावरून जायचे, आणि शाळेची वेळ तीच. दोघींनी तीन दिवस सकाळी साडेसात ते साडेआठ त्या वळणावर उभं राहून डंपर मोजले होते, मुलं मोजली होती, सायकली वेगळ्या मोजल्या होत्या. मागणी एवढीच, की तो एक तास डंपर थांबवा. ताई सात-आठ मिनिटं बोलली. एक मेंबर मधेच म्हणाले, "आकडे कुठून आणलेस? गुरुजींनी दिले का?" काहीजण हसले. दीड वाजून गेला होता, जेवणं खोळंबली होती. अध्यक्ष म्हणाले, "चांगला अभ्यास केलाय. शाब्बास. नोंद घेऊ." आणि सभा संपली.

मावशीने इतिवृत्तात लिहिलं: 'युवा प्रतिनिधींनी वाहतुकीबाबत काही मुद्दे मांडले. नोंद घेण्यात आली.'

पुढच्या सभेत ते कायम झालं. कुणी काही बोललं नाही. मुलांना इतिवृत्ताची प्रत पाठवायची पद्धतच नव्हती.

तीन महिन्यांनी, सकाळी आठला दहा मिनिटं कमी असताना, त्या वळणावर डंपरच्या मागच्या चाकाखाली बारकी गेली. सायकलवर होती.

आम्हाला ते काकांकडून कळलं. ते दूध घेऊन आले आणि पिशवी हातात धरूनच दारात उभे राहिले. मावशी केस विंचरत होती. "कोण?" तिने विचारलं. काकांनी सांगितलं. तिने फणी खाली ठेवली, डबा उचलला आणि ऑफिसला गेली. केस अर्धे तसेच. मी मागून हाक मारली, तिला ऐकू गेली नाही.

आठवड्याभरात चौकशी लागली. चौकशी अधिकाऱ्याने नगरपालिकेला विचारलं, या वळणाबाबत पूर्वी काही तक्रार वा सूचना आली होती का? साहेबांनी, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी, इतिवृत्ताची फाईल मागवली, चाळली आणि उत्तराचा मसुदा मावशीकडे टाइप करायला दिला. 'सदर ठिकाणाबाबत कोणतीही विशिष्ट सूचना या कार्यालयास प्राप्त झाल्याचे अभिलेखावरून दिसून येत नाही.' तसं पाहिलं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. अभिलेखावरून खरोखरच दिसत नव्हतं. मावशीने ते टाइप केलं. हे तिने मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होती. "एकही चूक झाली नाही गं टाइपात," ती म्हणाली. "बोटं जरा तरी थरथरायला हवी होती."

पत्रातली ती ओळ वर्तमानपत्रात छापून आली. दुसऱ्या दिवशी ताई मावशीच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. शाळेचा गणवेश, डोळे सुजलेले, पण आवाज कोरडा.

"मॅडम, मी सभेत बोलले होते ते कागद मला बघायचेत."

मावशीने फाईल काढून तिच्यापुढे इतिवृत्त ठेवलं. मुलीने पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पुन्हा वरपासून. मग बोट त्या ओळीवर ठेवून विचारलं, "यात मी कुठे आहे?"

मावशीने उगाचच पुढचं पान उलटून पाहिलं.

"वळण कुठे आहे? डंपर कुठे आहेत? आम्ही तीन दिवस उभ्या होतो, ते कुठे आहे?" तिने बोट उचललं. "आम्हाला ऐकायला बोलावलं होतं की नुसतं बसवायला?"

मावशीच्या तोंडून निघून गेलं, "सगळं आहे. माझ्या वहीत आहे."

जुन्या वह्या टेबलाच्या खालच्या खणात असायच्या. मावशीने ती तारीख काढली. मुलगी वाकून बघायला लागली. पानभर बारीक रेघा, टोकाला वळवलेले हूक, ठिपके. तिला त्यातलं एक अक्षर लागेना. त्या ऑफिसातच काय, गावात ती वही वाचू शकणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. शॉर्टहँडचे वर्ग बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"वाचा ना," मुलगी म्हणाली.

मावशीने हळू आवाजात वाचायला सुरुवात केली. ताईचं बोलणं, मेंबरांचं मधे बोलणं, कंसात हशा. मग गुरुजींवरून केलेल्या त्या थट्टेपाशी आली, आणि पुढच्या ओळीवर तिची जीभ अडली. तिथे एक वाक्य होतं. ते ताईचं नव्हतं. मावशीने त्या दिवशी हाताने उतरवलं होतं आणि डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. समोर बारकीसाठी त्या दिवशी केलेली खूण, एक आडवी छोटी रेघ. आणि वाक्य: "आम्ही दोघींनी मोजलेत. खोटं नाहीये ते."

ताई भिंतीला टेकली. तिलाही ते तोपर्यंत आठवलं नव्हतं. ती म्हणाली, "हो. बोलली होती ती. कुणी ऐकलंच नाही."

त्या दिवसापासून मावशीची झोप उडाली. स्वयंपाकघरात काहीतरी करता करता ती थबकायची. भांडी घासताना नळ सुरूच ठेवून उभी राहायची. मी विचारलं तर म्हणायची, "काही नाही, कुणी बोलल्यासारखं वाटलं." एकदा आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. काका शेजाऱ्यांबद्दल काहीतरी सांगत होते, आणि मावशी एकदम म्हणाली, "मला कुणी सांगितलं नव्हतं."

"काय सांगितलं नव्हतं?" काका गोंधळले.

"ते गाळ म्हणून. अध्यक्ष बोलले नाहीत, साहेब बोलले नाहीत. कुणी दबाव आणला असता तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या. मी आपणहून गाळलं. भूक लागली होती, आणि पोरांचं बोलणं होतं. बस, एवढंच कारण."

काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो काढून टाकला. रागाने नाही, एखादी वस्तू उचलून बाजूला ठेवावी तसा.

साहेबांकडे ती तीनदा गेली. कायम झालेल्या इतिवृत्तात दुरुस्ती करायची, असा अर्ज घेऊन. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. "बाई, तुमचं दीड वर्ष राहिलंय. कशाला अंगावर ओढवून घेता? आणि मला सांगा, त्या वहीतल्या रेघोट्या वाचणार कोण? तुम्हीच ना? म्हणजे तुम्ही म्हणाल तेच खरं?"

मावशी म्हणाली, "तीस वर्षं मी म्हणाले तेच खरं होतं, साहेब. तेव्हा कुणी हा प्रश्न विचारला नाही."

साहेबांनी अर्ज ठेवून घेतला. परवानगी दिली नाही आणि नाकारलीही नाही.

पुढच्या सभेला मी गेले. प्रेक्षकांच्या बाकावर माझ्याशिवाय चारपाच माणसं होती. भिंतीच्या सात खुर्च्यांपैकी एक रिकामी. त्या खुर्चीवर कुणीतरी फाईल ठेवली होती, ती ताईने उचलून खाली ठेवली. पहिला विषय नेहमीचाच, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. अध्यक्ष म्हणाले, "वाचलं असं समजूया. मंजूर?" तेव्हा मावशी उठली. तीस वर्षांत ती त्या सभागृहात न विचारता कधी बोलली नव्हती. मेंबर इतके चकित झाले की कुणी तिला बसा म्हटलं नाही.

"मागच्या एका इतिवृत्तात माझ्या हातून चूक झाली आहे," ती म्हणाली. "ती मला वाचून दाखवायची आहे."

अध्यक्षांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी समोरच्या कागदांकडे. एक मेंबर उठले, तेच गुरुजींवरून बोललेले. "हे कसलं वाचन? घटना घडून गेल्यावर कुणीही काहीही रचेल. त्या वहीत काय लिहिलंय ते आम्हाला काय कळतंय?"

तेव्हा भिंतीपासून ताई उठून पुढे आली. तिने आपल्या दप्तरातून घडी पडलेला कागद काढला. सभेत बोलताना हातात होता तोच. तिने तो त्या मेंबरांच्या पुढ्यात ठेवला. "सर, हे मी तेव्हा लिहून आणलं होतं. मॅडमनी हे पाहिलेलं नाही. त्या वाचतील, तुम्ही बोट ठेवून बघा."

मावशीने वाचायला सुरुवात केली. मेंबर आधी तिरसटपणे कागद लांब धरून बसले होते. मग त्यांनी चष्मा लावला. आकडे जुळत गेले, वाक्यं जुळत गेली. जिथे ताईने कागद सोडून एखादं वाक्य जास्तीचं टाकलं होतं तिथे ते थांबत, पुढची ओळ शोधत, आणि ती सापडायची. त्यांची स्वतःची थट्टाही मावशीने वाचली, आहे तशी, त्यांच्या शब्दांत. त्यांनी मान वर केली नाही. मग मावशीने पुढचं वाक्य वाचलं, "आम्ही दोघींनी मोजलेत. खोटं नाहीये ते."

मेंबर कागदावर बोट फिरवत म्हणाले, "हे इथे नाही."

"ते मी बोलले नव्हते," ताई म्हणाली. "ती बोलली होती."

मी त्या दिवसापर्यंत शांतता म्हणजे आवाज नसणं एवढंच समजत होते. वर पंखा कुरकुरत होता, बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, आणि तरीही सगळ्यांना, मला खात्री आहे, एकच आवाज ऐकू येत होता. तो कसा होता ते कुणालाच आठवत नव्हतं, आणि म्हणून तो जास्तच ऐकू येत होता.

शाळेच्या वेळेत डंपर बंद, हा ठराव त्याच सभेत झाला. ती मागणी आली होती त्या दिवशीही तो दहा मिनिटांत झाला असता. चौकशी अधिकाऱ्याला सुधारित पत्र गेलं, सोबत वहीचं पान आणि मावशीने केलेलं त्याचं लिप्यंतर. मावशीला कारणे दाखवा नोटीस आली. तिने उत्तरात एकच वाक्य लिहिलं, 'चूक माझी आहे.' साहेब म्हणाले, "बाई, काहीतरी स्पष्टीकरण तरी द्या." ती म्हणाली, "दोन ओळींत घालता येईल असं काही नाहीये." तिला तळघरातल्या अभिलेख कक्षात पाठवलं, आणि निवृत्त होईपर्यंत ती तिथेच होती.

युवा समिती मोडली नाही. उलट आता ताईने पालिकेलाच धारेवर धरलं. नियम लिहून मागितले आणि मिळेपर्यंत उठली नाही. खुर्च्या टेबलाशी आल्या. मुलांचा विषय विषयपत्रिकेत पहिला लागायला लागला. मुलांनी मांडलेलं शब्दशः इतिवृत्ताला जोडायचं, आणि महिन्याच्या आत लेखी उत्तर द्यायचं, होय किंवा नाही, पण कारणासकट. 'नोंद घेतली' हे उत्तर धरलं जाणार नाही, असंही त्यात स्पष्ट लिहिलं. पुढे मुलांनी वाचनालयाच्या वेळेबद्दल मागणी केली तेव्हा पालिकेने चक्क नाही म्हटलं, दोन पानं कारणं देऊन, आणि मुलं भांडली, आणि वेळ अर्धीच वाढली. असं चालायचं. बारावी झाल्यावर ताई शिकायला दुसऱ्या शहरात गेली. जाताना सगळ्यांना भेटली. मावशीकडे आली नाही.

"तिने तुला माफ केलं असेल," मी एकदा म्हटलं.

"मी विचारलं नाही," मावशी म्हणाली. "तिला उत्तर द्यावं लागेल असं काही विचारायचा मला काय हक्क?"

आली ती बारकीची आई. लाँड्रीत इस्त्री करायची. मावशी निवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात एका सकाळी ती दारात उभी राहिली. मी तिला ओळखत नव्हते. मावशीने ओळखलं आणि ती दारातून दोन पावलं मागे सरली. मला वाटलं, आता ही बाई बोलेल, आणि जे बोलेल ते मावशीला जन्मभर पुरेल.

ती आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकली. म्हणाली, "बाई, ते वाक्य मला एकदा वाचून दाखवा."

मूळ वही चौकशीत जमा होती, पण मावशीने त्या पानाची नक्कल करून ठेवली होती. तिने वाचलं.

"पुन्हा."

तिने पुन्हा वाचलं.

"चिडून बोलली का? की घाबरून?"

मावशी म्हणाली, "ते यात उतरत नाही हो. शब्दच उतरतात फक्त." मग नक्कल खाली ठेवून, "मी त्या वेळी मान वर करून तिच्याकडे पाहिलं नाही."

आईने मान हलवली. रडली नाही. ती दर पंधरा दिवसांनी यायला लागली. लाँड्रीला सुट्टी असेल त्या दिवशी, सकाळी. चहा घ्यायची, दोनदा वाक्य ऐकायची, जायची. काका त्या वेळी बाहेर निघून जायचे. मला ते घर त्या अर्ध्या तासात ओळखीचं वाटत नसे. ती गेल्यावर मावशी तासभर कुणाशी बोलायची नाही, पण पुढचा दिवस जवळ आला की सकाळपासून दाराकडे तिचे डोळे लागलेले असायचे. तिला तो दिवस नको असायचा आणि चुकलेलाही चालायचा नाही.

असं दीड वर्ष चाललं. मग एका सकाळी आई आली ती नवी वही आणि पेन्सिल घेऊन.

"मला शिकवा," ती म्हणाली. "सगळं नको. तेवढंच."

मावशीने तिला शेजारी बसवलं. जाड रेघ म्हणजे काय, पातळ म्हणजे काय, रेघ ओळीच्या वर आली तर कसा उच्चार आणि खाली आली तर कसा. आईचा हात इस्त्रीने निबर झालेला, पेन्सिल घट्ट धरायची, टोक मोडायचं. तीन-चार खेपा त्यातच गेल्या. पाचव्या खेपेला तिने मावशीने नक्कल केलेलं ते पान पुढे ओढलं, एकेका रेघेवर बोट ठेवलं आणि कुणाच्या मदतीशिवाय, अडखळत, आपल्या मुलीचं वाक्य वाचलं. मग तिने ते पान घडी करून पिशवीत ठेवलं. विचारलं नाही, आणि मावशीनेही नको म्हटलं नाही.

त्यानंतर ती आली नाही. पंधरा दिवसांनी मावशीने दोन कप चहा टाकला आणि खुर्ची ओढून बसली. दहाच्या सुमाराला मी म्हटलं, "मावशी, त्या आता नाही येणार."

"माहितीये," ती म्हणाली. "तू पी तो."

मी चहा घेतला. तो गार झाला होता. मावशी दाराकडे पाठ करून बसली होती, मान किंचित वाकडी, कुणी मागून काही बोललं तर नीट ऐकू यावं अशी.